गोटी सोडावाल्यानं केलेली मधाची बिअर

वडिलांनी नागपूरच्या महाल भागात गोटी सोड्याचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे दीड खोली, हातानं फिरवायचं मशीन आणि लाकडी खोक्यांत उभ्या बाटल्या. मी त्यात चाळीस वर्षं काढली. पाण्यात गॅस किती मावतो आणि बाटली कधी फुटते, हे मला कोणी शिकवू नये असा माझा तोरा होता. मागच्या वर्षी पोरीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं इंग्लंडात लीड्सला गेलो. सप्टेंबरात जावयानं एक खोका आणून माझ्यापुढं ठेवला. घरी बिअर करायचा किट, वर मधाच्या पोळ्याचं चित्र आणि 'हनी फ्लेवर'. "बाबा, हे तुमच्या हातचं काम आहे." किंमत पंचवीस पौंडाच्या आसपास. बादली, नळी वगैरे सामान त्याच्याकडं आधीपासूनच होतं.

आधी कायद्याचं सांगतो, नाहीतर कोणी उत्साही पोट्टा नागपूरला मागवून बसेल. आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं हा गुन्हा आहे. शेजारच्या वर्ध्यात तर बाटलीच चालत नाही. इंग्लंडात 1963 पर्यंत घरी बिअर करायला लायसन लागायचं, मग सरकारनं ते काढून टाकलं. आता स्वतःपुरती हवी तितकी करा, विकायची तेवढी नाही. तेव्हा हे सगळं ज्यांची पोरं तिकडं आहेत अन् जे तिकडं जाऊन सहा महिने रिकामे बसतात, त्यांच्यासाठी.

खोक्यात तीन गोष्टी निघाल्या. दीड किलोचा पत्र्याचा डबा, त्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, घट्ट पाक. दिसायला थेट काकवी, चाटून पाहिला तर आधी गोड आणि मग मागून मेथीदाण्याच्या पाण्यासारखा कडूपणा. हा कडूपणा हॉप्स नावाच्या फुलांचा, तो आधीच पाकात उतरवलेला असतो. दुसरी यीस्टची, म्हणजे खमिराची पुडी, साखर खाऊन दारू आणि गॅस करतं ते हेच. तिसरं मधाच्या स्वादाचं पाकीट, बोटभर लांब. साखर किलोभर आपली आपण आणायची.

कृती सोपी आहे, चहा येणाऱ्याला जमेल. पाक आणि साखर तीन लिटर उकळत्या पाण्यात विरघळवायची, बादलीत थंड पाणी ओतून तेवीस लिटर करायचं, कोमट झालं की वर यीस्ट भुरभुरायचं. झाकणाला पाण्याची एक वाकडी नळी असते, आतला गॅस तिच्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. खरा वेळ जातो तो धुण्यात. बादली, पळी, नळी, सगळं जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचं. इथं किटवाल्यांना मी पैकीच्या पैकी मार्क देतो, कागदावर ही गोष्ट त्यांनी चार वेळा लिहिली आहे. सोड्याच्या धंद्यात आम्ही एवढं धूत नव्हतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तापमान अठरा ते चोवीस पाहिजे, असं कागद म्हणतो. नागपुरात एवढं तापमान हिवाळ्यात दिवसाचे काही तास मिळतं. लीड्सला उलटी अडचण, रात्री घर सोळावर उतरायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नळीत एक बुडबुडा नाही. मी इकडंतिकडं पाहिलं आणि नातवासाठी नागपूरहून नेलेली गोधडी बादलीला गुंडाळली. संध्याकाळी नळी बोलायला लागली, बुडुक, मग थोड्या वेळानं बुडुक, रात्री तर सारखी. हिनं गोधडी शोधायला घेतली तेव्हा आवाजावरूनच सापडली. "पोराची गोधडी दारूला पांघरून राहिले! काही वाटते का?" त्यानंतर बादलीला माझी शाल.

आता मधाचं. मला वाटलं, पाकिटातला स्वाद कशाला, खरा मध घालू. तिसऱ्या दिवशी 340 ग्रॅमची अख्खी बरणी बादलीत ओतली. उकळला मुद्दाम नाही. आपल्याकडं मध तापवू नये म्हणतात, तिकडचे बिअरवालेही तेच सांगतात, फक्त त्यांचं कारण वासाचं आहे, उष्णतेनं वास उडतो. पण ओतल्यावर कळलं की मी यीस्टला मेजवानी दिली होती. मधात पाणी सोडलं तर जवळपास सगळी साखरच, तीही यीस्टला चावावी न लागणारी. ते गोडी सगळी खातं, आणि वास बुडुक-बुडुक करत गॅसबरोबर नळीतून निघून जातो. खोलीत दोन दिवस असा मधाचा घमघमाट होता की हिनं दोनदा विचारलं, बरणी सांडली का. बिअरमध्ये तो वास नावालाही राहिला नाही. बिअर थोडी पातळ झाली आणि थोडी चढती झाली, एवढंच.

मोजलंही. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखी काचेची नळी असते, ती तरंगवून पाहायची. साध्या पाण्यात ती 1000 दाखवते, साखर जास्त तितका आकडा वर. सुरुवातीला 1037, नवव्या दिवशी 1006, दहाव्या दिवशीही 1006. लागोपाठ दोन दिवस आकडा हलला नाही म्हणजे यीस्टचं जेवण आटोपलं. मधाचे चारेक पॉइंट धरले तर अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या आसपास. दुकानातल्या साध्या बिअरएवढं.

बाटल्या भरताना मी माझा शहाणपणा चालवला. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. त्यात गॅस सिलिंडरनं भरत नाहीत, चिमूटभर साखर टाकून बूच लावायचं, उरलेलं यीस्ट आतच गॅस करतं. आधी चौदा बाटल्या पाकिटाशिवाय भरल्या आणि त्यांत साखरेऐवजी मध टाकला. मध बाटलीच्या तोंडातून नेमका मोजून जाईना, म्हणून कोमट पाण्यात कालवून बाळाच्या औषधाच्या पिचकारीनं सोडला. (हे हिला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं.) मग उरलेल्या सोळा लिटरात मधाच्या स्वादाचं पाकीट मिसळून तीस बाटल्या साखरेवर भरल्या. पाकीट तेवीस लिटरसाठी होतं, मी सोळात ओतलं. तेव्हा पुढं मी जी तक्रार करतो त्यातला काही वाटा माझा धरावा.

तीन आठवड्यांनी उघडल्या. बिअर म्हणून चांगली होती, हे आधी. स्वच्छ, सोनेरी, कडूपणा बेताचा, फेस बारीक आणि टिकणारा. सिलिंडरनं भरलेला गॅस जिभेला टोचतो, हा तसा टोचत नव्हता. चाळीस वर्षं टोचणारा गॅस विकलेल्या माणसाला हे मान्य करणं जड गेलं. पण पाकिटाची बाटली नाकाशी नेली की घशाच्या गोळ्यांचा वास. पहिला घोट मधाचा, दुसरा कफ सिरपचा, तिसरा नको. जावयाला आवडली, त्याला कोल्ड्रिंकही आवडतं. पिचकारीच्या मधाची बाटली वेगळी निघाली. गिळल्यानंतर, श्वास सोडताना, फुलांचा एक पुसट वास. न सांगता दिली तर ओळखणार नाही असा. मला तीच हवी होती. तेव्हा किट घेतला तर पाकीट अर्धंच टाका, थोडं मिसळून चाखा, मग ठरवा. कागदावर 'सगळं ओता' लिहिलंय आणि माझा मोठा आक्षेप तोच आहे. खोक्यावरचं पोळं विकायला आहे, आतली बिअर त्याशिवायही विकली जाईल अशी आहे.

गोटीची बाटली मूळची इंग्लंडचीच, हिराम कॉडनं 1872 साली पेटंट घेतलेली. सहा महिन्यांत मला तिकडं एकच दिसली, जुन्या वस्तूंच्या दुकानात, तिच्यात वाळकी फुलं खोचलेली. किंमत वाचून आमच्या दीड खोलीत पडलेल्या खोक्यांचा हिशेब मनात केला आणि गप्प बसलो.

येताना चार बाटल्या बॅगेत आणल्या, कस्टमला दोन लिटर चालतं. मधाच्या दोन डिसेंबरात संपल्या, शेकोटीजवळ, शेंगदाण्यांबरोबर. पाकिटाच्या दोन माळ्यावर राहिल्या आणि मी विसरलो. मे महिन्यात माळा काढताना सापडल्या. दाबून पाहिलं तर दगड. बाहेर पंचेचाळीस अंश, माळ्यावर त्याहून जास्तच असेल. एक मी फ्रीजच्या तळाशी आडवी केली आणि लहानपणापासूनच्या मित्राला सांगितलं, दुसरीला हात लावू नको, उद्या थंड झाल्यावर पाव-पाव आटा सोडत उघडू. तापलेल्या पाण्यात गॅस राहायला तयार नसतो, बूच निघालं की सगळा एकदम निघतो. मी हात धुवायला गेलो. आतून ऐकू आलं, "काहून बावा, एवढं काय घाबरून राहिला..." आणि मग फट्‌.

छत भिजलं, ट्यूबलाइट भिजली, पंखा चालू होता त्यामुळं चारही भिंतींना समान वाटप झालं. बाटलीत कपभर उरली होती. चाखली. पुठ्ठा भिजवलेलं पाणी आणि वर कफ सिरप. उन्हानं बिअर मरते, स्वादाचं पाकीट मरत नाही.

पाचपैकी तीन देतो. पाकीट नसतं तर चार दिले असते. मी सगळ्यांना सांगत होतो की यीस्टनं साखर सगळी खाल्लेली असते, डाग धुतला की झालं. तिसऱ्या दिवशी पंख्याच्या दांडीवर काळ्या मुंग्यांची रांग होती, छतापासून पात्यापर्यंत. हिनं मला खाली उभं करून दाखवली.