ॲन्सिबल : दूरच्या शाखांत सॉफ्टवेअर टाकण्यासाठी कितपत कामाचं?

कोल्हापुरात राजारामपुरीत मुख्य कार्यालय आणि गारगोटी, आजरा, गडहिंग्लज, चंदगडला शाखा असलेल्या पतसंस्थेची एएमसी (कॉम्प्युटर देखभालीचा वार्षिक करार) घेतली, की निम्मा वेळ मोटारसायकलवर जातो. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर बदलला, पीडीएफ रीडर अपडेट झाला, प्रिंटर नवा आला. प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह खिशात टाकून शंभरेक किलोमीटर चंदगड गाठायचं, काम वीस मिनिटांचं. एनीडेस्कवरून (दुरून स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर) केलं तर प्रवास वाचतो, पण प्रत्येक कॉम्प्युटरवर तेच 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' हातानंच. ॲन्सिबल म्हणजे एका मशीनवरून अनेक कॉम्प्युटरवर हुकूम सोडणारं साधन. या कामासाठी ते कसं आहे, हे या रिव्ह्यूत पाहू.

ॲन्सिबल २०१२ साली मायकल डिहान यांनी सुरू केलं, २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलं. मूळ साधन फुकट आणि ओपन सोर्स. समोरच्या कॉम्प्युटरवर त्याचा कुठलाही एजंट (कायम चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही: लिनक्स असेल तर एसएसएचनं (दुरून सुरक्षित जोडणी) आत शिरतं आणि तिथं पायथन लागतं, विंडोज असेल तर विनआरएमनं (विंडोजची दुरून हुकूम घ्यायची सोय) शिरतं आणि पॉवरशेल लागतं. हुकूम सोडणारं मशीन मात्र लिनक्स किंवा मॅकसारखं युनिक्स घराण्यातलं हवं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घालून सराव करता येतो, रोजच्या कामाला तो अधिकृत मार्ग नाही. कोपऱ्यात पडलेला चार जीबीचा जुना आय-थ्री काढा, त्यावर उबुंटू टाका, पिपएक्सनं (पायथनची साधनं बसवणारा प्रोग्राम) ॲन्सिबल आणि सोबत पायविनआरएम (विनआरएमशी बोलणारा भाग) बसवा. एवढ्या हार्डवेअरवर चाळीस-पन्नास कॉम्प्युटर आरामात निघतात.

लिनक्स सर्व्हरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथं हे साधन नाद खुळा आहे, अर्ध्या दिवसात हाताला येतं. कस लागतो तो विंडोजवर, आणि आपल्याकडच्या ऑफिसांत टेबलावर विंडोजच असतं.

पहिली अडचण दार उघडायची. विनआरएम पोर्ट ५९८५ वर साधं आणि ५९८६ वर सर्टिफिकेटसह चालतं. पॉवरशेलमधून रिमोटिंग चालू करायला गेलं की निम्म्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरांत एरर येते, कारण नेटवर्क 'पब्लिक' प्रोफाइलवर असतं. ती तपासणी टाळायचा स्विच वापरला तर एरर जाते, पण पब्लिक प्रोफाइलमध्ये फायरवॉल फक्त त्याच सबनेटमधल्या (स्थानिक नेटवर्कमधल्या) मशीनला आत घेते. म्हणजे शाखेत बसून चाचणी केली तर सगळं हिरवं, आणि व्हीपीएनवरून (इंटरनेटमधली खासगी वाट) राजारामपुरीतून जोडलं की टाइमआउट. आधी प्रोफाइल 'प्रायव्हेट' करणं हाच सरळ उपाय. हे पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडायचे नाहीत. मध्ये व्हीपीएन हवाच.

दुसरी अडचण अधिकारांची. डोमेन (सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळायची मांडणी) नसलेल्या ऑफिसात स्वतः बनवलेलं ॲडमिन खातं दुरून आलं की विंडोज त्याचे अधिकार छाटतं, आणि पासवर्ड बरोबर असून 'ॲक्सेस डिनाइड' येतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) 'लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी' ही नोंद १ केली की वाट मोकळी होते. त्याची किंमतही लक्षात ठेवा. चाळीस कॉम्प्युटरवर एकच पासवर्ड असेल (आणि तो बहुतेक ठिकाणी 'ॲडमिन'नं सुरू होऊन १२३ ला संपतो) तर एका मशीनमध्ये घुसलेला माणूस चाळीसही मशीनमध्ये घुसला. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड द्या आणि ते सगळे ॲन्सिबल व्हॉल्टमध्ये कुलूपबंद ठेवा. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचे नाहीत.

नवी मांडणी करणाऱ्यानं विनआरएमऐवजी विंडोजचा ओपन एसएसएच सर्व्हर घ्यावा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तो ऐच्छिक भाग म्हणून मिळतो, आणि ॲन्सिबल कोअर २.१८ पासून विंडोजवर एसएसएचला अधिकृत पाठिंबा आहे. इथं हमखास होणारी चूक एकच: ॲडमिन गटातल्या खात्याची एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, त्या खात्याच्या फोल्डरमध्ये चालत नाही. ती प्रोग्रामडेटामधल्या एसएसएच फोल्डरात, ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी लागते, आणि त्या फाइलवर ॲडमिनिस्ट्रेटर्स व सिस्टिम सोडून कुणाला परवानगी असेल तर सर्व्हर मुकाट्यानं ती फाइल सोडून देतो. शिवाय इन्व्हेंटरीत (तिच्याबद्दल पुढं) शेलचा, म्हणजे हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामचा, प्रकार सांगावा लागतो. सर्व्हर मुळात सीएमडी देतो, पॉवरशेल हवं तर दोन्हीकडे बदला.

इन्व्हेंटरी म्हणजे कॉम्प्युटरची यादी, शाखेनुसार गट पाडून. गटाच्या नावात डॅश टाकला की ॲन्सिबल कुरकुरतं, अंडरस्कोअर टाका. आणि राउटर रोज नवे आयपी वाटत असेल तर यादीला अर्थ राहत नाही. डीएचसीपी रिझर्व्हेशन (प्रत्येक कॉम्प्युटरला ठरलेला आयपी) आधी, ॲन्सिबल नंतर.

आता मुख्य काम. एमएसआय फाइल (विंडोजच्या ठरलेल्या साच्यातला सेटअप) असेल तर 'विन पॅकेज' मॉड्यूल ती गुपचूप बसवतं आणि फाइलमधूनच प्रॉडक्ट कोड वाचतं. सॉफ्टवेअर आधीच असेल तर हात लावत नाही, 'ओके' म्हणून पुढं जातं. म्हणून तीच प्लेबुक (ॲन्सिबलला द्यायच्या कामांची फाइल) दहा वेळा चालवली तरी बिघडत नाही, आणि या साधनाचे पैसे (म्हणजे वेळ) इथंच वसूल होतात. ईएक्सई असेल तर ही सोय आपोआप मिळत नाही. प्रॉडक्ट आयडी किंवा बसल्यावर तयार होणाऱ्या फाइलचा मार्ग द्यावा लागतो. आयडी चुकला की प्रत्येक वेळी पुन्हा इन्स्टॉलेशन, आणि तुम्हाला वाटतं साधन खराब आहे. इनो सेटअपनं (सेटअप फाइल बनवायचं साधन) बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या आयडीच्या शेवटी '_इज१' असं शेपूट असतं, ते गाळलं की हमखास हाच प्रकार.

गुपचूप बसवायचे स्विच बनवणाऱ्यानुसार बदलतात. एमएसआयला 'क्यूएन' आणि 'नो रिस्टार्ट', इनोला 'व्हेरी सायलेंट', एनएसआयएस या तशाच दुसऱ्या साधनाला नुसता एस, तोही कॅपिटलच. स्विच चुकला तर समोर खिडकी उघडते, पण ती कुणालाच दिसत नाही, कारण दूरचं सेशन कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर नसतंच. इन्स्टॉलर 'ओके' दाबायची वाट बघत बसतो आणि तुम्ही नेटला शिव्या घालत बसता. टोकनच्या ड्रायव्हरचंही तेच: 'या प्रकाशकावर विश्वास ठेवायचा का?' हा प्रश्न अडवतो. त्या कंपनीचं सर्टिफिकेट आधी 'ट्रस्टेड पब्लिशर' स्टोअरमध्ये घाला, मग ड्रायव्हर सोडा.

एरर कोडपैकी मोजकेच पाठ करावेत. ३०१० म्हणजे बसलं, रिस्टार्ट हवा. यात अपयश नाही. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, बहुधा विंडोज अपडेट, म्हणून थोड्या वेळानं पुन्हा. १६३८ म्हणजे दुसरी आवृत्ती आधीच आहे. १६०३ हा सगळ्यात त्रासदायक. त्याचा अर्थ फक्त 'जमलं नाही' एवढाच, म्हणून लॉग चालू ठेवूनच इन्स्टॉल करा आणि लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. खरं कारण त्याच्या वरच्या काही ओळींत असतं.

फाइल पोहोचवणं हा आणखी एक मुद्दा. शेअर फोल्डरवर सेटअप ठेवून तिथूनच चालवायला गेलात तर 'ॲक्सेस डिनाइड', कारण दूरच्या सेशनमधून तिसऱ्या मशीनला ओळख पुढं जात नाही. मॅप केलेला झेड ड्राइव्हही तिथं दिसत नाही. विनआरएमवरून थेट कॉपी करता येतं, पण मोठ्या फाइलला ते फार सावकाश. मुख्य कार्यालयात छोटा वेब सर्व्हर लावून तिथून डाउनलोड करवणं बरं. हिशोब मात्र करा: ३०० एमबीचा सेटअप २५ कॉम्प्युटरला म्हणजे ७५०० एमबी, अपलोड पूर्ण ५० एमबीपीएस मिळाला तरी वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ शाखेचं काउंटर अडलेलं. तोच सेटअप शाखेतल्या एका मशीनवर एकदाच उतरवून बाकीच्यांना तिथून दिला तर बाहेरून येणारा माल ५० सेकंदांच्या आत.

वेगाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी दोन सेटिंग बघावीत. ॲन्सिबल मुळात एका वेळी पाचच मशीन घेतं. 'फोर्क्स' वीसवर न्या. आणि ते प्रत्येक पायरीवर सगळ्यांसाठी थांबतं, म्हणजे गारगोटीतलं एक रडणारं मशीन गडहिंग्लजलाही थांबवतं. 'स्ट्रॅटेजी फ्री' दिली की प्रत्येक जण आपापल्या चालीनं जातो. मोठ्या सेटअपला 'असिंक' (काम मागं चालू ठेवून निकाल मधूनमधून विचारणं) लावा, नाहीतर मध्ये लाइन तुटली की निकाल कळत नाही. 'सिरियल'मध्ये आधी १, मग २५ टक्के, मग १०० टक्के असे टप्पे ठेवावेत. पहिलंच मशीन पडलं की गाडी तिथंच थांबते, बाकीची ऑफिसं वाचतात. प्लेबुक ज्या वायएएमएल साच्यात लिहितात, त्या फाइलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच, आणि आपल्या भागात ती जड पडते: कॉम्प्युटर बंद असेल तर ॲन्सिबल त्याला 'अनरीचेबल' म्हणून सोडून देतं आणि विसरतं. पावसाळ्यात चंदगड, गगनबावड्याकडं लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो. शिवाय सहा वाजता कर्मचारी बोर्डाचं बटणच बंद करून जातात, त्यामुळं वेक ऑन लॅनही (नेटवर्कवरून कॉम्प्युटर चालू करणं) निरुपयोगी. राहिलेल्यांची यादी ठेवून 'लिमिट'नं पुन्हा चालवणं, तेही सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, एवढंच हातात. डोमेन असेल आणि फक्त एमएसआय टाकायचं असेल तर ग्रुप पॉलिसी (डोमेनवरून सगळ्या मशीनला लागू होणारी सेटिंग) इथं सरस, कारण मशीन चालू होताना स्वतःच बसवून घेतं. एकाच इमारतीत सगळी विंडोज मशीन असतील तर पीडीक्यू डिप्लॉय (विंडोजवर सॉफ्टवेअर पाठवायचं साधन) शिकायला कितीतरी सोपं, फक्त परवान्याचे पैसे मोजावे लागतात.

दहा-बारा कॉम्प्युटर आणि एकच ऑफिस असेल तर ॲन्सिबलच्या वाटेला जाऊ नका, तयारीतच महिना जाईल. तीन-चार शाखा, तीसच्या वर मशीन आणि एखादा लिनक्स सर्व्हर असेल तर जरूर घ्या. लिनक्ससाठी पाचपैकी पाच, विंडोजसाठी साडेतीन; तो कापलेला दीड गुण निम्मा विनआरएमचा आणि निम्मा संध्याकाळी बंद होणाऱ्या त्या बटणाचा.