रिटायर्ड पाळकांनी हॉलमध्ये एकत्र बसून ऑनलाइन परिषद बघायची, जावं का? आमचा अनुभव

वेगवेगळ्या मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चसंस्थांच्या) पाळकांची (पास्टर लोकांची) मिळून दोन दिवसांची परिषद होती, पूर्ण ऑनलाइन, आणि आमच्या भागातल्या रिटायर्ड पाळकांसाठी नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसायला वेळ लागेल) एका चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर एकत्र बघायची सोय केलेली. चहा, नाश्ता, जेवण धरून माणशी रोजचे 200 रुपये, सोबत येणाऱ्याचे वेगळे 200. मी पप्पांना घेऊन दोन्ही दिवस गेले. हॉलचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि ज्या पोरांनी हे उभं केलं त्यांनी मनापासून केलंय.

आधी सांगते की घरी फुकटात लिंक असताना 200 रुपये देऊन गेलो कशाला. मागच्या वेळी पप्पा घरी मोबाइलवर बसले होते. वय 78, वर पांढरी कॉलर, खाली लुंगी. चर्चेत त्यांनी एक मुद्दा मांडला, वचनासकट, चांगला पाच मिनिटं, आणि सगळा म्यूटवर. मी किचनमध्ये, मला नंतर कळलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, तरीच कोणी वाद घातला नाही.

तर हॉलमध्ये चौदा पाळक जमले आणि पाच पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या बायका. दारातच सलाम सलाम सुरू, नऊला सुरू होणार होतं ते पावणेदहापर्यंत कोणी खुर्चीत बसायलाच तयार नाही. वडाळ्याला तुमच्यानंतर कोण आलं, राहुरीचा बंगला अजून गळतो का, शेवगावच्या बदलीला कोण रडलं होतं. 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला, त्यामुळे कोणाचं ना कोणाचं नातं निघतंच, एका अंकलनी माझ्या आजीला संडेस्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईंचं नाव मला सांगितलं जे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. हे मोबाइलवरच्या चौकोनात होणं शक्यच नाही, आणि मला विचाराल तर 200 रुपये इथेच वसूल झाले.

आता गडबड कुठे झाली ते. हॉलमध्ये लॉगिन एकच, लॅपटॉप एक आणि माइक एक, तोही लॅपटॉपला चिकटलेला. म्हणजे परिषदेच्या दृष्टीने आमचे चौदा पाळक मिळून एक माणूस, हात वर करायचा तर एकच. पहिल्या दिवशी पडद्यावर एक तरुण वक्ते मंडळ्यांच्या ऐक्यावर बोलत होते आणि म्हणाले की पाच मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. दुसऱ्या रांगेतले एक अंकल ताडकन उठले, ते 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला तो सोहळा स्वतः बघून आलेले, तेव्हा कॉलेजात होते. बोटांवर मोजायला लागले, अँग्लिकन, यू.सी.एन.आय. (युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया), बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, सहा झाल्या, सहा. लॅपटॉपवाला पोरगा धावत हात वर करायचं बटण दाबायला गेला, तोवर वक्ते पुढच्या विषयावर. अंकलनी मग स्वतःच्या खिशातला मोबाइल काढला, त्यावरून जॉइन झाले आणि स्पीकर चालूच, त्यामुळे हॉलमध्ये असा काही चिरका आवाज घुमला की श्रवणयंत्रवाल्यांनी यंत्रं काढून खिशात टाकली आणि पुढचा अर्धा तास त्यांना काहीच ऐकू आलं नाही. एका खोलीत दोन फोनचा आवाज चालू ठेवला की हे होणारच, सकाळीच एकदा सांगायला हवं होतं.

पण खरा राग मला दुसऱ्या दिवशी आला. दुपारी पडद्यावर मत द्यायचं आलं, रिटायर्ड पाळकांच्या औषधपाण्यासाठी सामाईक फंड असावा का नसावा. विषय ज्यांचा ते चौदा जण समोर बसलेले आणि मत एकच पडलं, कारण लॅपटॉप एक. पोरगं बिचारं विचारतंय, हो दाबू का अंकल? सगळे एकसुरात हो म्हणाले, त्याने दाबलं, झालं. तिकडे घरी एकटा बसलेल्या पाळकाचं एक मत आणि इकडे हॉलभर लोकांचं मिळून एक. आयोजकांना नंतर बोलले तर म्हणाले पुढच्या वेळी प्रत्येकाच्या मोबाइलवर आवाज बंद ठेवून जॉइन करून देऊ, ऐकायचं हॉलच्या स्पीकरवर आणि मत आपापल्या फोनवर. एवढं सोपं होतं, मग आधीच का नाही केलं.

बाकी बारीकसारीक. खुर्च्या हात नसलेल्या प्लॅस्टिकच्या, गुडघे गेलेल्या माणसाने उठायचं कशाला धरून? बाथरूम चार पायऱ्या खाली आणि भारतीय पद्धतीचं, एका आंटींनी दिवसभर पाणीच प्यायलं नाही त्यामुळे. खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून अकरानंतर स्क्रीन फिक्की, गीतांचे शब्द दिसेनात. तसं गीतं सगळ्यांना पाठच होती म्हणा. ऑनलाइन गाण्यात आवाज मागेपुढे होतो हे पोरांना माहीत होतं, त्यांनी तिकडचा आवाज बंद करून हॉलमधली पेटी सुरू केली, नारायण वामन टिळकांचं एक भजन घेतलं आणि चौदा म्हातारे आवाज चढत गेले. याला पैकीच्या पैकी मार्क. जेवण पण चांगलं, चिकन रस्सा, भात, पोळ्या, बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये आणि त्याला कागद चिकटवलेला.

शेवटी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि इथे जी मजा आली ती अजून घरी सांगतोय आम्ही. पडद्यावरचे बिशप प्रार्थना म्हणणार आणि आम्ही हॉलमधली भाकर घेणार असा कार्यक्रम. लगेच वाद सुरू, पडद्यावरून दिलेला आशीर्वाद या भाकरीला लागतो का. कोविडमध्ये घरोघर हाच वाद झाला होता, तो परत पहिल्यापासून, शास्त्रवचनांसकट. दहा मिनिटं झाली, पडद्यावर तिकडे प्रार्थना संपत आली, तेव्हा एक पाळकीणबाई मागून म्हणाल्या, अहो इथे चौदा दीक्षा झालेले पाळक बसलेत आणि भाकरीसाठी तुम्ही टीव्हीकडे काय बघताय. सगळे गप्प. मग त्यातल्या सगळ्यात वयस्कर अंकलना, नव्वदीला टेकलेले, दोघांनी धरून उभं केलं आणि त्यांनी पुस्तक न बघता पूर्ण विधी म्हटला. हात थरथरत होता, द्राक्षरसाचे छोटे कप खळखळत होते ट्रेमध्ये, पण शब्द एक चुकला नाही. स्क्रीन तोवर कोणीतरी बंद केली होती.

पाचपैकी साडेतीन. घरचं म्हातारं माणूस असेल तर नक्की न्या, उशी आणि फोनचा चार्जर घरून घ्या, जागा खिडकीच्या उलट बाजूला पकडा. पुढच्या वेळचे 200 पप्पांनी तिथेच देऊन टाकलेत, पावती व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाला होता तो पोरगा, ती अजून आलेली नाही आणि पप्पा रोज विचारतात.