असरचा अहवाल आणि त्यातला तो एक कागद: एका झेडपी शिक्षिकेचा रिव्ह्यू

जानेवारीत असरचा, म्हणजे गावातल्या पोरांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या सर्वेक्षणाचा, अहवाल आला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेपरचं एकच कात्रण फिरत असतं, पाचवीच्या एवढ्या टक्के पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, मग दोन दिवस कोणी मास्तरांना शिव्या घालतं, कोणी म्हणतं सर्वेक्षणच बोगस आहे, आणि तिसऱ्या दिवशी विषय संपतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मी हा अहवाल गेली काही वर्षं नीट वाचतेय, त्यातलं साहित्य वर्गात वापरतेय, आणि त्यात सगळ्यात कमी कामाची गोष्ट कुठली असेल तर ती हेडलाईन. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूया, म्हणजे शिक्षक, पालक, शाळा व्यवस्थापन समितीतली मंडळी, डीएड-बीएडची पोरं, कोणालाही उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रथम ही संस्था १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केलेली, आणि २००५ पासून ते असर काढतायत. २०१४ पर्यंत दरवर्षी निघायचा, नंतर मोठं सर्वेक्षण एक वर्षाआड व्हायला लागलं, कोविडमध्ये ते रखडलं आणि २०२२ ला परत झालं, मग २०२४ ला. पद्धत साधी आहे, जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं, आणि घरात जाऊन ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचायला आणि गणित करायला द्यायचं. २०२४ ला ६०५ जिल्हे झाले आणि जवळजवळ साडेसहा लाख मुलं. सगळं वेबसाईटवर फुकट आहे, रजिस्ट्रेशन नाही, काही नाही.

घरी जाऊन तपासणं ही यातली सगळ्यात भारी गोष्ट आहे आणि ती लोकांच्या लक्षातच येत नाही. शाळेत चाचणी घेतली की त्या दिवशी जे पोर हजर तेच मोजलं जातं, ऊसतोडीला गेलेलं, शेळ्या घेऊन गेलेलं, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेलं पोर आपोआप गळतं, आणि नेमकं तेच मागे असतं. असरमध्ये झेडपीचं, खासगीतलं, शाळा सोडलेलं, सगळी पोरं एकाच कागदावर एकाच मापाने मोजली जातात. सरकारची नॅस ही शाळांमधली चाचणी व्हायची किंवा आता तिच्या जागी परख होते, तिसरी, सहावी, नववीची, ती शाळेत होते आणि त्या त्या इयत्तेला काय यायला पाहिजे ते तपासते, तिचा उपयोग वेगळा आहे, त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून हे खरं की ते खरं म्हणून भांडण्यात काही अर्थ नाही.

आता तो कागद. मी या रिव्ह्यूत पाचपैकी पाच कशाला देत असेन तर त्या वाचनाच्या कागदाला. मराठीतला सॅम्पल साईटवर मिळतो, प्रिंट काढा, झालं. त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, एवढंच. सुरुवात उताऱ्यापासून करायची, उतारा सरळ वाचला तर गोष्ट द्यायची, अडखळला तर खाली शब्दांवर यायचं, पाचपैकी चार बरोबर आले की शब्द पातळी, नाहीतर अक्षरं. मूल वरची जी पायरी नीट चढतं ती त्याची पातळी. पास नापास नाही, मार्क नाहीत, एका पोराला पाच-सात मिनिटं पुरतात.

ऐकायला फार साधं वाटतं ना, पण प्रत्यक्षात करून बघा. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी, वही एकदम स्वच्छ, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणार, कविता तोंडपाठ, तिला मी उतारा दिला. तिने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवलं, शब्द सगळे बरोबर वाचले, पण एकेक सुटा, मधे थांबून, आणि चौथ्या वाक्याला पोचेपर्यंत पहिल्या वाक्यात कोण कुठे गेलं होतं हे तिला सांगता येईना. जोडाक्षर आलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. म्हणजे शब्द पातळी. वर्षभराच्या चाचण्यांमध्ये हे मला दिसलं नव्हतं कारण तिथे प्रश्न ओळखीचे असतात, धड्याखालचे असतात, उत्तर पाठ करून लिहिता येतं. तिच्या शेजारचा मुलगा, ज्याचा सगळे कच्चा म्हणून उल्लेख करतात, त्याने गोष्ट धडाधड वाचून दाखवली, त्याचं लिखाण मागे आहे, वाचन नाही. दोघांना एकच उपाय करून चालणार आहे का? नाही ना.

गणिताचा कागद पण तसाच, अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी भागिले एक अंकी. इथे पोराने उत्तर चूक दिलं की नुसतं चूक लिहून पुढे जाऊ नका, कसं केलं ते विचारा. ४१ वजा १३ दिलं की हमखास ३२ येतं. का? कारण एकातून तीन जात नाहीत म्हणून पोरं तीनातून एक वजा करतात, मग चारातून एक, आणि ३२. तीच पोरं दुकानात पन्नासची नोट देऊन तेरा रुपयांचं सामान घेतलं तर सुट्टे बरोबर मोजून घेतात, तोंडी हिशोब पक्का. म्हणजे डोकं चालतं, दशक एकक कागदावर उतरलेलं नाही. हे एकदा कळलं की काड्यांचे गठ्ठे काढून आठवड्याभरात फरक पडतो, मी बघितलाय.

अहवालात काय वाचायचं तर राज्याचं पान उघडा आणि इयत्तानिहाय वाचन पातळीचा तक्ता शोधा. पहिली ते आठवी अशा ओळी, आणि आडवं बघितलं तर त्या इयत्तेतली किती टक्के मुलं अक्षराच्याही खाली, किती अक्षरावर, किती शब्दावर, किती पहिलीच्या उताऱ्यावर, किती दुसरीच्या गोष्टीवर. हा तक्ता मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दाखवला होता तेव्हा सगळे शांत बसून बघत होते, कारण प्रत्येकाला आपला वर्ग दिसला. तिसरीची ओळ घ्या, देशपातळीवर २०२४ ला तिसरीची साधारण २७ टक्के मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकली, हेडलाईन इथेच थांबते, पण उरलेली ७३ टक्के एकाच ठिकाणी नाहीत, ती चार खान्यांत विखुरलेली आहेत. एकाच वर्गात, एकाच बाईंसमोर, अक्षर न येणारं आणि गोष्ट वाचणारं पोर शेजारी शेजारी बसलंय आणि पुस्तक मात्र सगळ्यांना एकच. आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळेत तर दोन-दोन तीन-तीन इयत्ता एका खोलीत असतात, तिथे काय होत असेल बघा. माझ्या मते अख्ख्या अहवालाचं सार या तक्त्यात आहे, अभ्यासक्रम इयत्तेप्रमाणे पुढे पळतो आणि पोरं पातळीप्रमाणे मागे राहतात.

आणि यावर उपाय काय हे पण संशोधनात आलेलं आहे, नुसतं रडगाणं नाही. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांमध्ये प्रथमने बालसखी म्हणून वस्तीतल्याच मुलींना तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात वेगळं बसवून रोज दोनेक तास शिकवायला लावलं होतं, त्याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्या टीमने केला, काही शाळांना बालसखी दिली काहींना नाही आणि दोन्हीकडची प्रगती ताडून बघितली, तो २००७ साली छापून आला आणि फायदा स्पष्ट दिसला. पुढे २०१९ ला दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे, दिवसातला तास-दोन तास फक्त वाचन आणि गणित, आणि मधे मधे त्याच कागदाने परत तपासायचं. नवीन शिक्षण धोरण २०२० मध्ये पायाभूत साक्षरतेवर जो जोर आहे, २०२१ ला आलेलं निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान, त्याच्यामागे असरने वर्षानुवर्षं दाखवलेले हे आकडे आहेतच.

आकड्यांचं म्हणाल तर २०२४ चा अहवाल मला उमेद देणारा वाटला आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. सरकारी शाळांमधली तिसरीची मुलं, दुसरीचं वाचणारी, २०१८ ला २०.९ टक्के, कोविडनंतर २०२२ ला घसरून १६.३, आणि २०२४ ला २३.४. म्हणजे शाळा बंद असताना जे गेलं ते भरून वर थोडं जास्तच आलं, आणि ते सरकारी शाळांनी केलं. हातच्याची वजाबाकी पण तसंच, तिसरीत २०२२ ला २०.२ होती ती २०२४ ला २७.६. अजून चारातली तीन पोरं मागे आहेत हे खरंच आहे, त्यावर पांघरूण घालायचं नाही, पण ज्या मास्तरांनी आणि बाईंनी ही दोन वर्षं राबून काढली त्यांना कोणीतरी हे सांगायला पाहिजे.

कॉलेजवाल्यांनी, आयटीआयवाल्यांनी २०२३ चा वेगळा अहवाल वाचा, १४ ते १८ वयाचा. तो २८ जिल्ह्यांपुरताच होता, महाराष्ट्रातून नांदेड. त्यात जवळपास पाव मुलांना आपल्या भाषेतली दुसरीची गोष्ट सरळ वाचता आली नाही, आणि तीनअंकी भागाकार ४३ टक्क्यांनाच आला. मला सगळ्यात लागलेलं म्हणजे पट्टीचं गणित. वस्तू शून्यापासून लावली की ८५ टक्के मुलं लांबी बरोबर सांगतात, तीच वस्तू शून्य सोडून पुढच्या आकड्यावर सरकवली की ३९ टक्के. नववी ते बारावीच्या वयाची पोरं आहेत ही. पट्टी वाचायला शिकलीत, मोजायला नाही. ओआरएसचं पाकीट देऊन त्यावरच्या सूचना वाचून प्रश्न विचारले तर साधारण दोन तृतीयांश मुलांना चारपैकी तीन तरी उत्तरं आली. असे प्रश्न आपल्या बोर्डाच्या पेपरात किती असतात सांगा.

आता कमी काय आहे ते. एक म्हणजे हे सगळं ग्रामीण आहे, मुंबई-पुण्याच्या वस्त्या, नाशिक-संभाजीनगरच्या कडेच्या झोपडपट्ट्या यात येतच नाहीत, आणि जवळजवळ अर्धा महाराष्ट्र तर आता शहरात राहतो. दुसरं, चाचणी अगदी तळाची आहे, गोष्ट वाचली की सगळ्यात वरची पातळी, कळली का हे मुख्य वाचन चाचणीत मोजलं जात नाही, त्यामुळे जे पोर वर पोचलंय त्याच्याबद्दल हा कागद पुढे काहीच सांगत नाही, तिथे शिक्षकाने स्वतःचे प्रश्न काढायचे. तिसरं, मुख्य अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड, आमच्या समितीतल्या आयाबायांनी तो कसा वाचायचा, त्यासाठी राज्याचे तक्ते मला मराठीत उतरवून फळ्यावर लिहायला लागले.

आणि एक वापरणाऱ्यांना विनंती, सरकारी आणि खासगी शाळांचे आकडे शेजारी ठेवून झेडपी बेकार असा निष्कर्ष काढू नका, खासगीत जाणाऱ्या पोरांच्या घरात शिकलेले आईबाप, शिकवणीचे पैसे, घरी पुस्तकं जास्त असतात, नुसत्या टक्केवारीत शाळेचा वाटा किती आणि घराचा किती हे वेगळं होत नाही. एका तालुक्यात तर हेच आकडे दाखवून शिक्षकांना बैठकीत उभं करून बोलले होते अधिकारी, त्याने कोणाचं वाचन सुधारलं? आणि या आकड्यांवरून शाळाशाळांची क्रमवारी तर अजिबात लावू नका, वीस घरांवरून एका गावाचं सुद्धा ठरत नाही, नमुना त्यासाठी घेतलेलाच नाही.

घरी करून बघणार असाल तर पोराला एकट्याला बसवा, भावंडांसमोर नको, आधी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोला, कुठले शब्द, कुठली अक्षरं वाचायची ते त्यालाच निवडू द्या, अडलं की लगेच सांगू नका आणि चेहऱ्यावर काही दाखवू नका. तारीख टाकून पातळी लिहून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने परत घ्या, पण दुसऱ्या सॅम्पलवर, नाहीतर गोष्ट पाठ झालेली असते. साईटवर जुन्या वर्षांचे मराठी कागद पण शोधा, म्हणजे वर्षभराचं काम भागतं. कागदाला पाच, अहवालाला चार, शहरं घेतली आणि मराठीत नीट आणला तर त्यालाही पाच देईन.