‘स्टेज टू’च्या नावाखाली जुनाच कॅम घासून गळ्यात मारतात

बुलेटवाल्यांसाठी लिहितोय. त्यातही ज्यांच्याकडे जुन्या यूसीई (इंजिन-गियरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनाची रॉयल एनफिल्ड क्लासिक किंवा इलेक्ट्रा आहे आणि सध्या मोबाईल उघडला की ‘परफॉर्मन्स कॅम’चे (कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा, उंचवटा असलेला फिरता भाग) रील्स दिसतायत, त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचा.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने मला साडेचौदा हजारांना ‘इंपोर्टेड स्टेज टू कॅम’, म्हणजे ताकद वाढवणारे म्हणून खपवले जाणारे कॅम, विकले. ते इंपोर्टेड नव्हते आणि नवेही नव्हते. कुणाच्या तरी गाडीतून काढलेले कंपनीचेच कॅम ग्राइंडरवर घासून, वर लेझरने नाव कोरून, फोमच्या डबीत घालून दिलेले. गॅरेजचं नाव इथे टाकत नाही, तक्रार चालू आहे. पण पद्धत सगळी सांगतो, कारण हीच पद्धत वापरणारा तो एकटा नसणार.

माझी क्लासिक 350, कार्बोरेटरवाली. 346 सीसी, बोअर 70, स्ट्रोक 90. कंपनीच्या कागदावर 5250 आरपीएमला 19.8 बीएचपी आणि 4000 आरपीएमला 28 न्यूटन-मीटर टॉर्क. लांब स्ट्रोकचं, खालून ओढणारं इंजिन आहे हे, वर फिरवायचं नव्हे. माझं चालवणंही तसंच. कोल्हापुरातून गगनबावडा, खाली कोकणात उतरायचं आणि येताना करूळ घाट चढायचा. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. ऐंशीच्या पुढे मी जात नाही, जायची इच्छाही नाही. मला हवं होतं ते एवढंच, की वळणावरून बाहेर पडताना तिसऱ्या गियरमध्ये गाडी बसू नये, सारखा दुसरा टाकावा लागू नये.

हे मी फोनवर त्याला स्वच्छ सांगितलं होतं. मेसेजमध्येही आहे. त्याचं उत्तर, “सर, स्टेज टू टाका, घाटबिट टॉपमध्ये चढेल.”

आता इथेच त्याचा खोटेपणा दिसतो, पण त्यासाठी कॅम काय करतो ते दोन मिनिटं बघावं लागेल. इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारी झडप, पिस्टन खाली पोचल्यावर लगेच बंद होत नाही, पिस्टन वर यायला लागल्यावरही थोडा वेळ उघडा असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या मिश्रणाला वेग असतो, ते पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहतं, सिलिंडर जास्त भरतो. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर तेच मिश्रण पिस्टन उलटं बाहेर ढकलतो. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, जितकं लांब, तितका व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, तितकी ताकद खालून काढून वर नेली जाते. ड्रॅगवाल्याला, ट्रॅकवाल्याला ते पाहिजेच असतं, तो कॉम्प्रेशन, कार्बोरेटर, एक्झॉस्ट सगळंच त्याला जुळवून घेतो. घाटात डबलसीट जाणाऱ्याला मात्र उलटं पाहिजे, म्हणजे आखूड ड्युरेशन, इनलेट लवकर मिटणारा, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) माफक. आणि हायवेला एका लयीत जाणाऱ्याचं काम बहुतेक वेळा कंपनीच्या कॅमवर भागतं, तिथे पैसे घालायचे तर आधी पुढच्या स्प्रॉकेटकडे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाकडे) बघावं. म्हणजे ‘सगळ्यात भारी कॅम’ असा काही प्रकारच नाही. तुम्ही कुठे, किती वजन घेऊन, कितीच्या आरपीएमला चालवता हे न विचारता, किंवा विचारून कानाआड करून, जो कॅम सुचवतो, तो त्याच्याकडे पडलेला माल खपवतोय.

त्याने मला डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागदही दाखवला होता. रंगीत, दोन रेघांचा. निळी स्टॉक, लाल ‘स्टेज टू’, आणि लाल रेघ वर. कागद खोटा होता की खरा, मला माहीत नाही. पण तो सुरूच 4500 आरपीएमपासून होत होता. ज्या गाडीचा टॉर्क 4000 ला सगळ्यात जास्त असतो, तिचा आलेख 4500 पासून दाखवायचा म्हणजे जे गमावलं ते कागदाबाहेर ठेवायचं. वर 27 एचपीचा दावा. दोन व्हॉल्व्हच्या 346 सीसी इंजिनात बाकी कशालाही हात न लावता नुसत्या कॅमने एक तृतीयांशाहून जास्त ताकद वाढते हे कुठल्याही इंजिनवाल्याला सांगा, तो चहा सांडेपर्यंत हसेल.

किंमत साडेसोळा हजार सांगितली. मग म्हणाला, “जुने कॅम एक्सचेंजमध्ये द्या सर, दोन हजार कमी करतो. तुम्हाला तसेही काय करायचेत?” हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा धंदा याच वाक्यात आहे. बिल मागितलं तर “बिल पाहिजे तर जीएसटी वर पडेल.” पैसे ज्या खात्यावर गेले ते गॅरेजच्या नावाचं नव्हतं, भलत्याच व्यक्तीचं होतं. काम दुपारपर्यंत उरकलं. व्हॉल्व्ह स्प्रिंग बघितल्या नाहीत, पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासलं नाही, जेटिंगला (कार्बोरेटर किती पेट्रोल सोडतो त्याच्या जुळणीला) हात लावला नाही. टायमिंग कव्हर उघडलं, कॅम बदलले, कव्हर बसवलं.

गाडी चालू केल्यावर आयडलिंग एकदम बदललेलं. टप… टपटप… टप. आजूबाजूचे दोघेतिघे मान वळवून बघायला लागले. “बघा सर, आवाजच सांगतो,” तो म्हणाला. आवाज सांगतो ते वेगळंच. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढला की मंद फिरताना जळालेला वायू परत आत मिसळतो, ठोके अडखळतात. आयडलिंग बिघडलंय एवढाच त्याचा अर्थ. पण बुलेटवाल्यांचा जीव आवाजात असतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक व्हिडिओत गाडी उभी असते. चढावर ओढणारी एकही नाही.

करूळ घाटात जे व्हायचं ते झालं. तीन हजारांच्या खाली गाडीत जीवच नाही, जिथे आधी तिसरा चालायचा तिथे दुसराही कण्हायला लागला. एव्हरेज पस्तीसवरून सत्तावीस-अठ्ठावीसवर. 4500 च्या वर गाडी थोडी उधळायची हे कबूल, पण सोबत हँडल आणि फूटरेस्टला अशी थरथर, की तिथे राहावंसं वाटू नये. आणि सकाळी थंड गाडी चालू केली की इंजिनातून टकटक. आधी मिनिटभराने जायची, मग जाईनाशी झाली. ऑइल बदललं तर फिल्टरच्या घड्यांमध्ये चमचमणारी चंदेरी पूड.

कॅम काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन गेलो. तिथे लेथवर आयुष्य काढलेले एक मामा आहेत. त्यांनी लोबकडे, म्हणजे कॅमच्या उंचवट्याकडे, बघितलंही नाही, आधी कॅमवरचा गियर उजेडाकडे धरला.

“ह्यो नवा न्हाई. दात बघ की जरा.”

दाताच्या एका बाजूला मधोमध आरशासारखा चकचकीत पट्टा, दुसरी बाजू मंद. दुसऱ्या गियरला लागून हजारो किलोमीटर फिरल्याशिवाय असा पट्टा पडत नाही. त्याने लोब घासला, नाव कोरलं, पण दात घासता येत नाहीत ना. मूळ नंबर जिथे असायला हवा तिथे ग्राइंडरचे ओरखडे आणि त्यावर लेझरची अक्षरं.

मग मायक्रोमीटर लावला. शेजारच्या स्पेअरपार्टवाल्याकडून नवा स्टॉक कॅम बघायला आणला होता. लोबच्या टोकाची उंची थोडीफार तेवढीच, पण खालच्या वर्तुळाचा, म्हणजे बेस सर्कलचा व्यास माझ्या कॅमला जवळपास दीड मिलिमीटरने कमी. घासून लिफ्ट वाढवायची तर हाच मार्ग असतो. टोकावर धातू चढवता येत नाही, म्हणून खालचं वर्तुळ लहान करायचं. पण वर्तुळ लहान झालं की टॅपेट (कॅमवर टेकणारा भाग) त्या प्रमाणात खाली बसतो, त्यासाठी लांब पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्या) लागतात. यूसीईत हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे तो तेलाच्या जोरावर काही अंतर भरून काढतो, म्हणून पहिल्या दिवशी आवाज येत नाही. त्याची हद्द संपली की टकटक. शेवटी मामांनी कानस घेतली आणि लोबच्या कडेला हलकी फिरवली. कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथे ती धरली आणि बारीक चुरा निघाला. वरचा कडक थर पातळच असतो, तो ग्राइंडरखाली गेला, परत हार्डनिंग केलंच नाही. फिल्टरमधली पूड तिथलीच.

कॅम घासून नवा आकार देणं हा मुळात गुन्हा नाही हेही सांगतो. जाणकार लोक जगभर करतात, पण ते सांगून करतात, परत हार्डनिंग करतात, पुशरॉडची लांबी जुळवतात आणि घासलेल्या कॅमचे पैसे घेतात. इथे मात्र माझे चांगले कॅम दोन हजारांत त्याच्याकडे गेले, आणि बहुधा आज दुसऱ्या कुणाच्या गाडीत ‘इंपोर्टेड’ म्हणून फिरतायत.

परत गेलो तेव्हा आधी “परफॉर्मन्स पार्टला वॉरंटी नसते”, मग “तुमच्या मेकॅनिकने कव्हर उघडलं, आता आमची जबाबदारी नाही”, आणि शेवटी दम, “तक्रार केलीत तर इंजिनात बदल केला म्हणून तुमचीच गाडी अडकेल.” हा दम पोकळ आहे असं म्हणणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला आडकाठी करतं, आणि तुम्ही गप्प बसाल याची खात्री त्याला त्यावरूनच असते. पण जुना माल नवा म्हणून विकणं ही वेगळी गोष्ट आहे, ती त्यामुळे माफ होत नाही. वकिलांनी हेच सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं, त्यावर त्याने उत्तर दिलं नाही, मग आयोगात गेलो. मेसेज, यूपीआयची नोंद, मायक्रोमीटरचे फोटो आणि ते दोन्ही कॅम, एवढा पुरावा आहे. कॅम विकू नका, भंगारात टाकू नका.

ज्यांना अजूनही कॅम घ्यायचाच आहे त्यांनी कॅम कार्ड मागा. खरा बनवणारा ते देतोच. त्यात लिफ्ट असते, आणि ती कॅमवरची की रॉकरनंतर (पुशरॉडचा जोर व्हॉल्व्हवर देणाऱ्या पट्टीनंतर) व्हॉल्व्हवरची हे लिहिलेलं असतं. ड्युरेशन असतं, आणि ते किती लिफ्टवर मोजलंय तेही असतं, कारण तोच कॅम अगदी सुरुवातीपासून मोजला की 1 मिलिमीटरवर मोजलेल्यापेक्षा चाळीसेक अंश मोठा दिसू शकतो. इनलेट कधी मिटतो हा आकडा घाटवाल्यांनी सगळ्यात आधी बघायचा. “सगळ्या 350 ला बसतो” असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. यूसीईत पुशरॉडचे कॅम खाली टायमिंग कव्हरमागे असतात, मीटिओर मॉडेलपासून आलेल्या नव्या जे-सीरीज इंजिनात कॅम वर हेडमध्ये असतो. एक कॅम दोन्हीला बसणं शक्यच नाही.

आणि ज्यांनी एक्सचेंज करून कॅम आधीच टाकून घेतलाय त्यांनी कव्हर उघडायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, गाडीचा नंबर दिसू द्या, मग कॅम बाहेर काढा आणि आधी गियरचे दात बघा. माझ्या गाडीत आता पार्ट काउंटरवरून बिलासकट घेतलेले कंपनीचे कॅम आणि टॅपेट आहेत. घाटात तिसरा परत चालतो. आयोगात पुढची तारीख लागली की काय होतं ते कळवतो.