डीह्युमिडिफायर: अख्खा पावसाळा वापरल्यावर

लाईट जाऊन आली की पंखा आपोआप फिरतो, फ्रीज आपोआप घुरघुरायला लागतो, वायफायचा डबासुद्धा दिवे लावून तयार असतो. आमचा डीह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतल्या हवेतला ओलावा ओढून टाकीत पाणी जमवणारं मशीन, मात्र ढिम्म. कोणीतरी उठून त्याचं टचचं बटण दाबेपर्यंत तो तसाच बसून राहतो. बाकीचं सगळं नंतर. गुहागरात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते इकडच्यांना सांगायला नको. रात्री दोनला गेली, सव्वादोनला आली, आपण झोपेत. सकाळी खोलीतला आर्द्रतेचा मीटर ८८ टक्के दाखवतो आणि रात्रभराची मेहनत पाण्यात. खोक्यावर ‘आयोनायझर’ ठळक छापलाय, ऑटो रिस्टार्ट नाही हे कुठेच नाही. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे, ‘सर, इन्व्हर्टरवर लावा.’ अडीचशे वॅटचा कॉम्प्रेसर रात्रभर घरच्या इन्व्हर्टरवर लावू? बॅटरी कोण देणार?

स्मार्ट प्लगही उपयोगाचा नाही, आधीच सांगतो. प्लग फक्त वीज पोचवतो, बटण दाबत नाही. साधा फिरवायचा खटका असलेलं मशीन दिसलं, तर दिसायला कसंही असो, तेच घ्या.

मशीन १२ लिटरवालं आहे. हे १२ लिटर म्हणजे ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला चोवीस तासांत निघणारं पाणी. खोली कोरडी होत गेली की आकडा निम्म्यावर येतो, त्याबद्दल कंपनीशी भांडू नका. आमची खोली मागच्या बाजूची, जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब, खिडकीबाहेर पोफळी. ऊन कसलं ते तिला माहीत नाही. आषाढात चपलांवर भुरा, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर भुरा, गाद्यांना कुबट वास. पुढची कौलारू ओटी-पडवी मी या भानगडीत घेतलीच नाही. कौलांच्या फटीतून हवा खेळत असते, तिथे हे मशीन लावणं म्हणजे दाभोळची खाडी तांब्याने उपसणं.

पहिला आठवडा टाकी भरतच राहिली. आई म्हणाली, ‘लोक पाण्यासाठी पैसे मोजतात, तू पाणी काढून टाकायला मोजलेस.’ मलाही वाटलं, खिडकीतून हवा येतेय कुठून तरी. मग हिशोब केला. दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेत, २७ अंशाला आणि ९० टक्क्यांना, पाऊण लिटरसुद्धा पाणी नसतं. ५५ टक्क्यांवर आणायला त्यातलं पाव लिटर काढलं की झालं. म्हणजे बाकीचं सगळं पाणी कापसाच्या गाद्या, कागद, लाकूड आणि जांभा यांनी पिऊन ठेवलेलं. ते बाहेर यायला वेळ लागतो. त्यामुळे दोन दिवसांत निकाल लावू नका. आणि भिंतीला बाहेरून गळती असेल तर आधी गवंडी बोलवा.

मशीनवरचा आकडा मात्र धरून चालू नका. ते स्वतःच्याच तोंडापुढची हवा मोजतं. वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, घ्या आणि तो तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलं करायचं, विरघळू द्यायचं नाही, आणि मीटरसकट हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. ७५ दाखवायला हवं. माझा ७९ दाखवत होता, मी चार वजा करून वाचतो.

जुलैत कोणी विचारलं असतं तर मी दोन स्टार दिले असते. गणपतीत मत फिरलं. पखवाज याच खोलीत असतो. दरवर्षी आरतीच्या आधी पुडी (तोंडावरचं चामडं) सैल, ती ताणायचे लाकडी गठ्ठे ठोकून ठोकून हात दुखायचे, तरी दुसऱ्या भजनाला आवाज बसलेलाच. यंदा खोळीतून काढला आणि थाप मारली, टणकन बोलला. वाडीतल्या भजनी बुवांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुडी नवीन भरलीस काय रे? तेव्हापासून आईचाही विरोध मावळला. तिने पापडांचा डबा गुपचूप त्याच खोलीत हलवला. सादळलेला पापड घरात दिसला नाही.

५५ वरच ठेवा, चाळीसपर्यंत खाली नेऊ नका. चामडं आणि लाकूड दोन्ही तडकतं. खोली थोडी तापते, तो बिघाड नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तीही आणि मशीनची स्वतःचीही खोलीतच राहते. म्हणून त्या खोलीत झोपत असाल तर विचार करा. एसीच्या ड्राय मोडने काम होईल का, असं मेहुणा विचारतो. पावसाच्या रात्री बाहेरच पंचवीस अंश. एसी लगेच थंड करून कॉम्प्रेसर बंद करतो आणि पंखा कॉइलवरचं पाणी परत खोलीत उडवतो. आपण गारठतो, गाद्या ओल्याच.

बिल म्हणाल तर दिवसाला दहा तास म्हणजे अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर. बोचतात ते पंचाहत्तर नाहीत, त्यांच्यामुळे ३०० युनिटचा टप्पा ओलांडला जातो ते. सध्या गिझरवर बंदी आहे, बंब पेटतो.

सप्टेंबरात टाकी रिकामी असताना ‘टाकी भरली’चा लाल दिवा लागला, तो जाईना. वॉरंटीत होतं. उत्तर आलं, मशीन कोल्हापूरला आणून द्या. कॉम्प्रेसरचं मशीन आडवं करायचं नाही असं त्यांच्याच पुस्तिकेत लिहिलंय, ते मी एसटीत मांडीवर घेऊन घाट चढायचा? शेवटी शृंगारतळीच्या फ्रीजवाल्याला दाखवलं. टाकीतला फ्लोट, म्हणजे पाणी किती चढलं ते सांगणारा तरंगता तुकडा, बुळबुळीत थराने चिकटला होता. त्याने जुन्या टूथब्रशने घासला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. आता दर आठवड्याला टाकी मीच घासतो, पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. मागच्या पत्र्याचे स्क्रू खाऱ्या हवेने लाल पडलेत, ते पितळेचे घालून घेणार आहे.

कंपनीचे फोन अजून येतात, वॉरंटी वाढवून घ्या म्हणून. मी सांगितलंय, कोल्हापूरला आलो की भरतो.