२० रुपयांचा वॉशर आणि ३,८०० रुपयांचा प्लंबर

नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या घरी सिंकचा नळ मी स्वतःच बदलला. नळाचं पाणी तोडणारा अँगल कॉक बंद केला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, नळ छान बसला. पण खाली वाकून पाना फिरवताना ड्रेनच्या पाइपाला धक्का लागला असावा. संध्याकाळी सिंकखालच्या कपाटात पाणी साचलं होतं.

चौकातल्या ओळखीच्या प्लंबरला न विचारता मी मोबाइलवर शोधून सापडलेला पहिलाच नंबर लावला. तो माणूस अर्ध्या तासात हजर. टॉर्च मारून म्हणाला, "ताई, कपलिंगच फुटली आहे. आज नाही केलं तर खालच्या भाडेकरूच्या छतात पाणी उतरन." कपलिंग म्हणजे सिंकच्या तळाच्या भोकात बसणारा, ड्रेनला जोडणारा भाग. भाडेकरूचं नाव निघालं आणि मी घाबरले. पितळी कपलिंग, नवा ट्रॅप (त्याखालचा वाकडा पाइप), मजुरी मिळून ३,८०० रुपये, तेही आधीच. काम चालू असताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला म्हणून मला दोनदा गच्चीवर पाठवलं. ड्रेनच्या कामाला टाकी बंद करावी लागतच नाही, हे तेव्हा सुचलं नाही. त्याने बिल दिलं नाही. जाताना मी काढून ठेवलेला जुना नळही "भंगार आहे" म्हणून घेऊन गेला.

आठव्या दिवशी पुन्हा थेंब. शेजारच्या काकांनी सगळं कोरडं पुसून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. बूच लावून सिंक भरून ठेवलं, कागद कोरडेच. म्हणजे कपलिंग शाबूत. पाणी सोडताच ट्रॅपच्या नटाखालचा कागद भिजला. नटाभोवती थापलेलं एम-सील खरवडून उघडलं, तर कपलिंग आमचीच जुनी, ट्रॅपही तोच, फक्त घासून चकचकीत केलेला. आतला निमुळता रबरी वॉशर चिरलेला. काकांनी २० रुपयांचा वॉशर आणला, निमुळतं टोक जोडाच्या आत जाईल असा बसवला आणि नट हातानेच आवळला. गळती थांबली.

तुमच्याकडे कुणी "कपलिंग फुटली" म्हणाला, तर पैसे काढण्याआधी ही कागदाची परीक्षा त्याच्यासमोर करा. जुन्या सामानावर मार्करने खूण करा, निघालेला प्रत्येक भाग घरात ठेवून घ्या, आणि काम संपेपर्यंत तिथून हलू नका.

त्याचा नंबर आता बंद लागतो. पैसे यूपीआयने दिले होते, तेवढाच पुरावा जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तो जुना नळ भरीव पितळेचा होता. घर बांधलं तेव्हा बाबांनी इतवारी बाजारातून आणलेला.