औषधाच्या रिअ‍ॅक्शनचा सरकारी फॉर्म: वॉर्डातून पाहिला तर

गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा ‘सस्पेक्टेड अ‍ॅडव्हर्स ड्रग रिअ‍ॅक्शन रिपोर्टिंग फॉर्म’, आवृत्ती १.४. औषधाने त्रास झाल्याचा संशय आला की हॉस्पिटलने भरायचा. समोर एक पान, मागे सूचना. फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचा हा कणा. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मॉनिटरिंग सेंटरकडे तो जातो, आणि धंतोली-रामदासपेठेतल्या छोट्या नर्सिंग होमलाही तोच वापरायचा असतो.

आधी मत सांगतो. मागितलेली माहिती चोख आहे, फालतू रकाना जवळजवळ नाही. पण मांडणी झाली आहे ती अहवाल तपासणाऱ्याच्या सोयीने. रात्री दोन वाजता अंगावर पित्त उठलेल्या पेशंटजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला तो उलटा वाटतो. तिला आठवतं ते असं: कोणतं इंजेक्शन, किती वाजता दिलं, काय दिसलं, मग काय केलं. फॉर्म मात्र इनिशियल्स (नावाची आद्याक्षरं), वय, वजन यांपासून सुरू होतो आणि औषधाचं नाव पानाच्या खालच्या भागात विचारतो.

कलमांचे आकडे आणखी गोंधळ करतात. डाव्या बाजूला १ ते ७ आणि उजव्या बाजूला, त्यांच्याच शेजारी, १२ पासून पुढची कलमं: तपासण्या, पूर्वइतिहास, गांभीर्य, परिणाम. औषधांचा तक्ता, म्हणजे कलम ८, त्या सगळ्याच्या खाली. ओळीने वाचणारा माणूस उजवीकडे सरकतो आणि १२ वर अडखळतो. आकड्यांच्या क्रमाने जाणारा ७ नंतर थेट खाली उतरतो आणि उजवी बाजू कोरी राहते. कलम १३ मधला पूर्वइतिहास असाच सुटतो. विदर्भात तर तिथे सिकलसेल आणि त्यासाठी चालू असलेलं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लिहिलं जाणं फार गरजेचं आहे.

सगळ्यात जास्त अडतं ते औषधांच्या तक्त्यात. ब्रँड किंवा जेनेरिक नाव, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी, डोस, मार्ग, किती वेळा, सुरू-बंद तारखा, कशासाठी दिलं. एवढं सगळं एका आडव्या ओळीत. रकाने इतके अरुंद की ‘पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम’ हाताने लिहिताना शेजारच्या घरात शिरतं. बॅच नंबर रिकामा राहतो त्याला आळस हे कारण नाही. व्हायल (इंजेक्शनची बाटली) रिकामी झाली की काचेच्या कचऱ्याच्या निळ्या खुणेच्या डब्यात जाते, आणि फॉर्म हातात येईपर्यंत तो डबा उचललेला असतो. एकाच बॅचच्या चार पेशंटना थंडी वाजून ताप आला तर औषधापेक्षा बॅचवर संशय घ्यायचा असतो, आणि त्यासाठी लागणारा आकडा तोवर गेलेला असतो. म्हणून रिअ‍ॅक्शन दिसताच व्हायल ट्रेमध्ये बाजूला ठेवायची, लेबलचा मोबाइलवर फोटो काढायचा. हा नियम इमर्जन्सी ट्रॉलीवर चिकटवून ठेवावा.

त्याच तक्त्यात कॉझॅलिटी असेसमेंटचाही रकाना आहे. तो सिस्टरने भरायचाच नाही. औषध आणि रिअ‍ॅक्शन यांचा संबंध ‘निश्चित’, ‘बहुधा’ की ‘शक्य’, हे सेंटरवरची मंडळी डब्ल्यूएचओ-यूएमसी पद्धतीने (जागतिक आरोग्य संघटना आणि तिचं उप्साला सेंटर यांच्या ठरलेल्या निकषांनी) ठरवतात. तो बाकीच्या रकान्यांच्या रांगेत असल्यामुळे मात्र भरणाऱ्याला वाटतं, आपल्याला खात्री नाही म्हणजे फॉर्मच भरू नये. फॉर्मच्या नावातच ‘सस्पेक्टेड’ आहे, संशय पुरतो.

इनिशियल्सची गंमत वेगळी. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम. केसपेपरवर कित्येकदा आडनाव आधी. एकाच पेशंटचं एकीने ‘एस.आर.के.’ लिहिलं आणि दुसरीने ‘के.एस.आर.’, तर एकच घटना दोनदा मोजली जाऊ शकते. आयपीडी नंबर (भरती पेशंटचा नोंदणी क्रमांक) न चुकता टाकला की हा घोळ टळतो.

‘गंभीर’ हा शब्दही फसवतो. अंगभर पुरळ भयंकर दिसतं म्हणून खूण केली जाते. इथे गंभीर म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, भरती करावी लागणं किंवा मुक्काम वाढणं, अपंगत्व, जन्मजात व्यंग, किंवा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं असं दुसरं काही. पर्याय समोर छापलेले आहेत, तेवढे वाचले तरी पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बारीक अक्षरात आहे: अहवाल दिला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, कळवणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही, पेशंटची ओळख गुप्त राहते. ‘माझ्यावर तर येणार नाही ना?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर शोधल्याशिवाय मिळत नाही.  ते वाक्य मराठीत, पहिल्या पानाच्या डोक्यावर हवं.

आपल्या हॉस्पिटलात फॉर्म कुठे अडतो ते पाहायला पाच सिस्टर पुरतात. दोन रात्रपाळीच्या आणि निदान एक नवी असावी. तीन कागदी केस द्या. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक दिल्यावर दहा मिनिटांत पित्त आणि धाप. सर्पदंशाच्या पेशंटला अँटीव्हेनम चालू असताना थंडी आणि बीपी पडणं. फेनिटॉइन हे फिटचं औषध सुरू करून दोन आठवडे झाले आणि तोंडात फोड. आधीचं औषध दुसऱ्या गावाहून आणलेलं. तिसरी केस मुद्दाम घ्या, कारण सुरुवातीच्या तारखा आणि सोबतच्या औषधांचं कलम ११ तिथेच कळतं की नाही ते दिसतं. भरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि मध्ये मदत करू नका. पेन कुठे थांबलं, कोणतं घर कोरं राहिलं, काय खोडलं, किती मिनिटं लागली, एवढं टिपा. परीक्षा फॉर्मची आहे, तुमची नाही, हे आधी स्पष्ट सांगा. नाहीतर सगळ्या जणी शेजारणीचं पाहून भरतील.

मूळ फॉर्मला हात लावू नका, सेंटरला तोच लागतो. त्याच्या आधी आपली अर्ध्या पानाची चिठ्ठी ठेवा. वर पेशंटचं स्टिकर. मग ‘कोणतं औषध’ आणि लेबल चिकटवायला चौकोन. ‘किती वाजता दिलं’, ‘किती वाजता दिसलं’, दोन्ही चोवीस तासांच्या घड्याळात. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते तिथेच सर्वाधिक चुका होतात. मग ‘काय दिसलं’साठी मोकळ्या चार ओळी, ओळींमधलं अंतर आठ मिलिमीटर. शेवटी ‘काय केलं’. ‘कोणामुळे झालं’ असा रकाना कुठेही नको. राखाडी पार्श्वभूमी टाळा, तिसऱ्या झेरॉक्सला ती काळी होते. या चिठ्ठीवरून फार्मासिस्टने सकाळी मूळ फॉर्म भरायचा. पेशंट, औषध, रिअ‍ॅक्शन, कळवणारा, या चार गोष्टी असल्या की अहवाल धरला जातो. बाकी माहिती फॉलो-अपमध्ये जोडता येते, त्यासाठी वर वेगळी खूण आहे.

अडलं तर कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, पण तो सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. रात्रपाळीला त्याचा उपयोग नाही. पेशंटने स्वतः भरायचा वेगळा फॉर्म मात्र मराठीतही आहे. भाषा सोपी आहे. डिस्चार्ज कार्डासोबत तो दिला, तर घरी गेल्यावर उठलेलं पुरळही नोंदीत येईल.